छाती भरलीय, घसा बसलाय आणि रूमवर एकटेच आहात? घरगुती उपाय, मापासकट

घराबाहेर मी पहिल्यांदा आजारी पडले ती २०१४ च्या डिसेंबरात, पुण्यात कर्वेनगरच्या एका रूमवर. रात्रीचे अकरा वाजलेले, घशात काटे, छातीत घरघर. आईला फोन लावला.

"हळद-दूध घे आणि सुंठेची चिमूट टाक त्यात."

"चिमूट म्हणजे किती?"

"चिमूट म्हणजे चिमूट गं, त्यात काय विचारायचं!"

मी चमचाभर सुंठ टाकली. पुढचा अर्धा तास बेसिनपाशी गेला.

तेव्हापासून एक वही ठेवलीय. आई, मावशी, गल्लीतले डॉक्टर, वडिलांच्या आजारपणात भेटलेली फिजिओथेरपिस्ट, ज्यांनी जे सांगितलं ते मापासकट लिहून ठेवलं. जे उगाच निघालं ते खोडलं. दर हिवाळ्यात कुणीतरी नवीन भाची-पुतण्या "ताई, कफ झालाय, काय करू?" म्हणून मेसेज करतो, म्हणून हे एकदाच सगळं लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते. यातला एकही उपाय सर्दी बरी करत नाही. सर्दी विषाणूची असते, ती तिच्या वेळेनंच जाते. उपायांकडून दोनच अपेक्षा ठेवायच्या: कफ पातळ होऊन बाहेर पडावा, आणि रात्री झोप लागावी.

१. आधी बघा, हे घरी निभण्यातलं आहे का

खालीलपैकी काहीही असेल तर काढा उकळत बसू नका, डॉक्टर गाठा:

- बसल्या जागी धाप लागतेय, एक वाक्य सलग बोलता येत नाही
- श्वास घेताना छातीत टोचतं किंवा दुखतं
- कफात रक्त दिसलं, अगदी थोडं असलं तरी
- तीन दिवसांवर ताप टिकलाय, किंवा उतरून पुन्हा चढलाय
- ऑक्सिमीटर असेल आणि आकडा ९४ च्या खाली आहे
- थुंकी गिळता येत नाही, तोंड नीट उघडत नाही
- दम्याचा, हृदयाचा त्रास आधीपासून आहे, किंवा गरोदर आहात

दमा असलेल्यांनी इन्हेलर बंद करून घरगुती उपायांवर यायचं नाही. माझ्या एका रूममेटनं ते केलं होतं. पहाटे तीनला रिक्षा शोधायला मी धावले होते.

कफाच्या रंगावरून मात्र घाबरू नका. पिवळा-हिरवा कफ म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असं नसतं. आपल्याच पांढऱ्या पेशींमध्ये एक हिरवट विकर (एन्झाइम) असतं, त्या लढायला उतरल्या की कफाला तो रंग येतो. साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी कफ हिरवा होतो. मागच्या वेळच्या उरलेल्या चार गोळ्या ड्रॉवरमधून काढून घेणं हा रूमवरचा सगळ्यांत मोठा सापळा. विषाणूवर त्यांचा काडीचा उपयोग नाही.

२. सामान आणून ठेवा, आजारी पडायच्या आधी

ताप अंगात असताना खाली किराण्यापर्यंत जाणंही जिवावर येतं. म्हणून एका डब्यात हे असू द्या:

- मीठ, हळद, मिरे, लवंगा, दालचिनी, ओवा, सुंठ पूड
- मध, गूळ, खडीसाखर
- ज्येष्ठमधाच्या दोन-तीन काड्या (किराण्यात मिळतात, नाहीत तर काष्ठौषधींच्या दुकानात)
- आलं, आणि कुंडीत तुळस नि गवती चहा लावता आला तर उत्तम
- थर्मामीटर, एक थर्मास किंवा केटल, जुनी सुती ओढणी
- पॅरासिटॅमॉल

एवढं पुरे. "कफ-स्पेशल" म्हणून ऑनलाइन विकले जाणारे बारा पुड्यांचे किट घेऊ नका. त्यात हेच असतं, चौपट भावात.

३. पाणी: कंटाळवाणा, पण सगळ्यांत कामाचा उपाय

श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला अतिसूक्ष्म केस असतात. ते एका लयीत हलत राहतात आणि कफ खालून वर घशाकडे ढकलत राहतात, झाडू मारल्यासारखा. निरोगी असतानाही हे चालूच असतं, तो कफ आपण नकळत गिळत असतो. कफात बहुतांश पाणीच असतं. ताप आला, खाणं-पिणं सुटलं, दिवसभर तोंडानं श्वास घेतला की तो घट्ट, चिकट होतो आणि झाडूला हलेनासा होतो.

तेव्हा थर्मास भरून कोमट पाणी उशाशी ठेवा आणि दर अर्ध्या-पाऊण तासानं चार-पाच घोट घ्या. एकदम लोटाभर पिऊन मळमळ करून घेऊ नका. लघवी फिकट पिवळी होतेय ना, एवढं बघा. चहा, पेज, सार, वरणाचं पाणी हे सगळं यात धरायचं. (किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांना पाणी मोजून असतं, त्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं.)

४. गुळण्या: घशासाठी, छातीसाठी नव्हे

ग्लासभर, म्हणजे साधारण २५० मिली, कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ. हळद टाकायची तर पाव चमचा. घोट घ्या, मान मागे करा, पंधरा-वीस सेकंद "आऽऽ" म्हणा, थुंका. ग्लास संपेपर्यंत. दिवसातून तीन-चारदा.

गुळणीचं पाणी स्वरयंत्राच्या खाली जात नाही, आणि जाऊही नये. खवखव, सूज, घशाला चिकटलेला कफ यांना आराम पडतो. छातीतला कफ गुळण्यांनी हलत नाही. "आठ वेळा केल्या तरी छाती मोकळी होईना" असं म्हणून मीठ वाढवत नेणारे मी पाहिलेत. खारट पाण्यानं घसा उलट कोरडा पडतो.

घसा बसला असेल तर कुजबुजत बोलू नका, त्यानंही स्वरयंत्रावर ताण येतो. गप्प बसा. ज्येष्ठमधाची काडी किंवा तव्यावर भाजलेली लवंग गालात धरायची. ज्येष्ठमध मात्र ब्लड प्रेशर असणाऱ्यांना नको. ते जास्त झालं की बीपी वाढतं आणि पोटॅशियम घटतं.

५. वाफ: पाच मिनिटं, आणि भांडं भिंतीला लावून

वाफेनं नाक-घसा ओला होतो, चोंदलेलं नाक थोडा वेळ सुटतं, बरं वाटतं. इतकंच. विषाणू मरत नाहीत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत लोक दिवसातून दहा-दहा वेळा वाफ घेत होते आणि चेहरे भाजून घेत होते.

धोका वाफेपेक्षा भांड्याचा जास्त. पातेलं पलंगावर किंवा मांडीत कधीच ठेवायचं नाही. टेबल भिंतीला लावा, त्यावर भांडं आत सरकवा, समोर खुर्चीवर बसा. गॅसवरून उतरवल्यावर दोन मिनिटं थांबा. तोंड वीतभर तरी लांब ठेवा, डोळे मिटा, नाकानं घ्या, तोंडानं सोडा. पाच-सात मिनिटं, दिवसातून दोनदा. पाण्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही. बाम टाकल्यावर नाक उघडल्यासारखं वाटतं, कारण मेंथॉल नाकातल्या गार जाणवणाऱ्या नसांना चाळवतं. नाक खरं तेवढंच चोंदलेलं असतं. आणि डोळे चुरचुरतात ते वेगळंच.

बाथरूम बंद करून गरम पाण्याची वाफ घेतात, तीही चालते. पण गीझर गॅसचा असेल आणि तो बाथरूममध्येच असेल तर हे चुकूनही करू नका. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग, आणि माणूस बेशुद्ध पडतो. आपल्याकडे दर हिवाळ्यात असे मृत्यू होतात.

भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको.

६. काढा: माप इथं सगळ्यांत महत्त्वाचं

एका माणसाचा, एका वेळचा:

- पाणी दोन कप
- आलं बोटाच्या एका पेराएवढं, ठेचून
- तुळशीची सात-आठ पानं
- मिरे तीन, नुसते चेचलेले
- दालचिनीचा अर्ध्या बोटाएवढा पातळ तुकडा
- गवती चहाची दोन पाती, गाठ मारून

मंद आचेवर एक कप उरेपर्यंत उकळायचं, गाळायचं, बोट बुडवता येईल इतपत निवलं की चमचाभर मध. उकळत्यात मध टाकला तर त्याचा वास नि चव उडून जाते. गूळ घालायचा तर उकळतानाच घाला. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, आणि काहीतरी खाल्ल्यावर.

हे "फार तर दोनदा" मी महागात शिकले. २०२० मध्ये आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी यांचा काढा सुचवला होता, चार-दोन-दोन-एक या प्रमाणात. आमच्या घरात प्रमाण कुणी वाचलं नाही, काढा तेवढा वाचला. सकाळी एक, दुपारी एक, झोपताना कडक एक. सर्दी आठवड्यात गेली, खोकला राहिला. मी मिरे वाढवले. खोकला वाढला. पाच आठवडे हे चाललं. शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांनी विचारलं, "खोकला आडवं झाल्यावर जास्त येतो का? तोंडाला आंबट येतं का?" दोन्हीला हो. "काढा बंद करा, आठ दिवसांनी या." आठ दिवसांनी जायची गरजच पडली नाही. पित्त वर येऊन घसा जाळत होतं, आणि मी ते पित्त रोज तीन कप घालून पोसत होते.

म्हणून पोटात जळजळ सुरू झाली की काढा थांबवा. गवती चहा आणि आल्याचा छोटा तुकडा एवढ्यावर भागवा.

अडुळशाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते आपल्याकडं कुंपणाला असतं आणि कुणी विचारत नाही. अडुळशात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य आहे. कफ पातळ करण्यासाठी डॉक्टर जे ब्रोमहेक्झीन देतात ते त्याच्यावरूनच बेतलेलं, आणि अॅम्ब्रॉक्सॉल त्या ब्रोमहेक्झीनपासून आलेलं. आजीच्या अडुळशाच्या रसाचं आणि केमिस्टच्या बाटलीचं असं नातं आहे. पण गरोदर बायकांनी अडुळसा घ्यायचा नाही, त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं. आणि झाड नक्की ओळखता येत नसेल तर पानं तोडू नका.

हळद-दूध: कपभर दुधात पाव चमचा हळद, मिऱ्याची खरोखरची चिमूट (दोन बोटांत मावेल एवढी!), वाटल्यास थोडं तूप. हळदीतलं करक्यूमिन एरवी अंगी फार कमी लागतं. मिरे आणि स्निग्ध पदार्थ असले की जरा जास्त लागतं. "दुधानं कफ वाढतो" हे आमच्याही घरात म्हणत. तपासून बघितलेल्यांना तसं आढळलेलं नाही. दूध लाळेत मिसळून तोंडात दाटपणा जाणवतो, तो आपण कफ समजतो. नको वाटत असेल तर नका घेऊ, पण आजारात पोटात जाणारं एकमेव अन्न दूध असेल तर ते बंद करू नका.

७. कफ वर आणायची युक्ती

हा भाग वाचून सोडू नका, करून बघा. वडिलांना न्यूमोनिया झाला होता तेव्हा ते खोकून खोकून लाल व्हायचे आणि कफ मात्र येत नसे. वॉर्डात एक तरुण फिजिओथेरपिस्ट आली. तिनं बाबांचा चष्मा काढून त्यांच्याच हातात दिला आणि म्हणाली, "काका, पुसायच्या आधी काच धूसर करतो ना, तसं करा. हाऽऽ." बाबांना आधी हसू आलं. तिसऱ्या वेळी कफ आला.

जोरात खोकलं की बारीक श्वासनळ्या दाबल्या जाऊन मिटतात, आणि कफ मागेच अडकतो. त्यापेक्षा असं करा:

खुर्चीत ताठ बसा, खांदे सैल सोडा. नाकानं तीन-चार संथ, खोल श्वास घ्या. प्रत्येक श्वास आत दोन-तीन सेकंद धरा आणि जोर न लावता सोडा. मग मध्यम श्वास घ्या, तोंड मोठं उघडा, आणि पोट आत घेत "हाऽऽ" करून हवा बाहेर टाका. आवाज घशातून नको, खालून यायला हवा. असं दोनदा. कफ घशाशी आल्यासारखा वाटला की एकदाच खोका आणि कागदात थुंका. मिनिटभर साधा श्वास. हे चक्र तीन-चार वेळा. चक्कर आली तर थांबा.

वेळ साधायची ती वाफ किंवा गरम पेयानंतर दहा-पंधरा मिनिटांनी. सकाळी उठल्यावर सगळ्यांत जास्त कफ निघतो. जेवणानंतर लगेच नको, उलटी होईल. आणि कफ चुकून गिळला गेला तर काही बिघडत नाही, पोटात तो पचतो.

८. रात्र

- जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी, हलकं.
- दोन उशा डोक्याखाली कोंबल्या की मान मोडते. खांद्यांपासून चढ येईल अशा उशा किंवा घडी घातलेली चादर पाठीखाली घ्या, नाही तर कुशीवर झोपा.
- झोपायच्या आधी एक-दोन छोटे चमचे मध, नुसता, हळूहळू चाटून. मधुमेह असेल तर विचारून.
- ओव्याची पुरचुंडी: दोन चमचे ओवा तव्यावर वास सुटेपर्यंत भाजा, सुती कापडात बांधा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा, मग छाती-पाठ शेका. कफ वितळतो वगैरे काही नाही, पण ऊब मिळते आणि खोकून दुखणाऱ्या बरगड्या सैलावतात.
- डासांची कॉइल, अगरबत्ती, धूप बंद. धुरी देऊन छाती मोकळी करणं म्हणजे आधीच सुजलेल्या नळ्यांत धूर भरणं. सिगारेट ओढणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

कापूर-ओव्याची पोटली हुंगून ऑक्सिजन वाढतो, असा मेसेज २०२१ मध्ये सगळीकडे फिरला. वाढत नाही.

९. खाणं

आमच्या बार्शीकडं सर्दी झाली की हुलग्याचं माडगं. रूमवर एका गॅसवर होतं, म्हणून देते. भाजलेल्या हुलग्याचं पीठ दोन मोठे चमचे गार पाण्यात कालवा, गुठळी ठेवू नका. दोन कप पाण्यात ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या, जिरं, मीठ टाकून उकळी आणा, त्यात हे कालवण ओता, सात-आठ मिनिटं ढवळत शिजवा, वरून तूप. वाटी तोंडाला लावून पिताना नाक आपसूक वाहायला लागतं. कोकणातले लोक कुळथाचं पिठलं मऊ भातावर घेतात, धान्य तेच. मुगाचं कढण, टोमॅटोचं सार, कोंबडीचा पातळ रस्सा, काहीही चालेल. गरम आणि पातळ हवं.

१०. घरात लहान मूल असेल तर

वरचं बरंचसं मोठ्यांसाठी आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, बोट बुडवून चाटवायलाही नाही; मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. दोन वर्षांखाली कापूर किंवा कापराचा बाम नको. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात. तान्ह्याला वाफ, पुरचुंडी, घुटीत वेखंड हे प्रयोग नकोत. बाळाचं नाक सलाइनच्या थेंबांनी मोकळं करा आणि अंगावर पाजत राहा.

श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघायचं. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांखाली ४० किंवा जास्त श्वास, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जातेय, तर लगेच दवाखाना.

खोकल्याचं औषध केमिस्टला विचारून आणू नका. २०२५ मध्ये छिंदवाड्यात दूषित सिरपनं मुलं दगावली, त्यातली कित्येक नागपूरला उपचार घेत होती.

११. केमिस्टकडे जाण्याआधी

ओला, कफाचा खोकला दाबणारं औषध घेऊ नका; तो कफ मग आतच राहतो. नाक उघडायचे थेंब पाच दिवसांच्या वर नाहीत. त्यानंतर थेंब सोडले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि सवय लागते. नाक धुवायला जलनेती करत असाल तर पाणी उकळून निवलेलंच हवं, नळाचं थेट नको. त्यातला एक दुर्मीळ अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो.

१२. दोन आठवडे झाले तरी खोकला आहे?

सर्दीनंतरचा खोकला दोन-अडीच आठवडे रेंगाळणं नेहमीचं आहे. तरीही दोन आठवड्यांवर गेला की आपल्या देशात टीबीची तपासणी करून घ्यायची, विशेषतः संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं यांपैकी काही सोबत असेल तर. सरकारी दवाखान्यात कफाची तपासणी फुकट होते. रूमवरची मुलं इथंच लाजतात किंवा घाबरतात. बहुतेकदा काही निघत नाही, आणि निघालं तर औषधंही तिथंच मोफत मिळतात.

डबी देतील तेव्हा एक लक्षात ठेवा: लाळ चालत नाही, छातीतून आलेला कफ हवा, साधारण चमचाभर. सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी, साध्या पाण्यानं चूळ भरा. गॅलरीत किंवा उघड्यावर जा, कुणी जवळ नको. सातव्या मुद्द्यातलं "हाऽऽ" तीन-चारदा करा, कफ वर आला की डबीत घ्या, झाकण घट्ट लावा आणि दवाखाना उघडताच नेऊन द्या.